ठिबक सगळीकडे पोचलं, तरी बोअर खाली का जातोय? (यावल-रावेर आणि बाकी खानदेश)

तापीकाठ (यावल)

मंडळी, बरेच दिवस हा विषय मांडायचा होता.

यावल-रावेर पट्ट्यात ठिबकाशिवाय केळीचा बाग आता शोधावा लागतो. देशात ठिबक रुजवण्यात जळगावचा मोठा हात आहे. भवरलाल जैन यांनी ते काम इथूनच उभं केलं आणि शासनानेही त्यावर भरपूर पैसा लावला. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के अनुदान मिळतं. त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ आणि ३० टक्के. म्हणजे एकूण ८० आणि ७५ टक्के. एवढं करूनही भूजलाच्या मोजणीत रावेर आणि यावल हे 'अतिशोषित' (मुरतं त्याहून जास्त उपसणारे) तालुके म्हणून ओळखले जातात. असं का?

माझं मत सरळ सांगतो. ठिबकाने एकराचं पाणी वाचतं, गावाचं वाचत नाही. ज्याच्याकडे दोन एकर केळी पाटपाण्यावर होती, त्याने ठिबक बसवल्यावर त्याच विहिरीवर चार-पाच एकर केळी केली. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पोटापाण्याचा प्रश्न आहे, केळीला भाव आहे, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण वाचलेलं पाणी विहिरीत राहिलं नाही, ते शेजारच्या कोरडवाहू तुकड्यात गेलं. शिवाय पूर्वी पाटाने दिलेल्या पाण्यातला काही भाग मुरून परत खाली जायचा, तोही आता जवळपास बंद झाला.

हिशेब करून बघा. सहा बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीची एकरात साधारण १,४५० झाडं बसतात. पावसाळा सोडून आठ महिने सरासरी १५ लिटर रोज धरलं तरी ५२ लाख लिटर होतात. आपल्याकडे पाऊस ७०० मिलिमीटर धरा. त्या एका एकरावर आभाळातून पडलेलं सगळं पाणी अडवलं, एक थेंब वाहू दिला नाही, एक थेंब उडू दिला नाही, तरी ते २८ लाख लिटर भरतं. खरं मुरतं ते याचा लहानसा हिस्सा. म्हणजे केळीचा एक एकर स्वतःच्या पावसावर जगत नाही, तो दुसऱ्या बऱ्याच एकरांचा पाऊस पितो. ठिबक कितीही चांगलं असलं तरी हे गणित बदलत नाही.

म्हणून विचारतोय: पाणी नीट वापरलं जावं यासाठी शासनाने जे जे केलं (ठिबक, जलयुक्त, पाणी वापर संस्था, अटल भूजल), त्यातलं तुमच्या गावात खरोखर काय चाललं? पेपरातलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

केळीबाग (रावेर)

भाऊ, गणित बरोबर असेल, पण ठिबकावर असं बोट ठेवू नका. आम्ही पाटपाण्याची केळी केली आहे. रात्री बारा-एकला लाईट यायची, हातात बॅटरी आणि फावडं, वाफे फोडत आणि बांधत सकाळ व्हायची. साप-विंचू वेगळेच. बागेच्या वरच्या टोकाला चिखल आणि खालच्या टोकाला झाडं पिवळी. खत टाकलं की अर्धं पाण्याबरोबर वाहून जायचं. ठिबक आलं आणि व्हेंचुरीतून (ठिबकात खत ओढणाऱ्या नळीतून) १२:६१:०० हे विरघळणारं खत सोडलं की ते झाडाच्या मुळाशीच जातं. एकसारखा घड, एका वेळी कटाई. टिश्यूकल्चरची जी-नाईन रोपं ठिबकाशिवाय अशी आलीच नसती. बसराई आणि श्रीमंती या जुन्या जातींच्या काळाशी आजची तुलना होणार नाही.

खरी अडचण वेगळी आहे. संच बसवायला पैसे देतात, चालवायला कोणी शिकवत नाही. मी बघतो ना, शेजारी आठ तास लाईट आहे तर आठ तास ठिबक सुरू. ऑटो लावून ठेवलेला, लाईट आली की मोटर आपोआप चालू. चार लिटरचे दोन ड्रिपर म्हणजे झाडाला तासाला आठ लिटर. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला २० लिटरच्या आसपास लागतं, म्हणजे अडीच तास पुरे. बाकीचे साडेपाच तास पाणी मुळाच्या खाली उतरतं आणि बरोबर खतही घेऊन जातं.

दुसरं म्हणजे क्षार. आमच्या बोअरच्या पाण्याने लॅटरलच्या (ड्रिपर असलेल्या बारीक नळीच्या) आत पांढरा थर धरतो. शेवटची टोपी काढून पाणी सोडा, आधी तांबूस गढूळ येतं, मग हाताला कचकच लागते, मग कुठे स्वच्छ. हे पंधरा दिवसांतून एकदा करायला हवं. सँड फिल्टरचा बॅकवॉश रोज. वेळेवर ॲसिड दिलं नाही की एका ओळीत चार ड्रिपर बंद आणि पाचव्यातून धार. मग माणूस काय करतो? बंद ड्रिपरच्या झाडाला पाणी मिळावं म्हणून संच अजून दोन तास चालवतो. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, तिथे महिन्यागणिक झाडाला किती लिटर द्यायचं हे विचारलं तर सांगतात. ती माहिती बांधावर आली पाहिजे.

पांझराथडी (साक्री)

तापीकाठभाऊ, तुमना हिशेब माले पटना (मला पटला). आमच्याकडच्या फड पद्धतीबद्दल लिहितो, कारण तुम्ही जो प्रश्न विचारताय तो आमच्या पणजोबांनी सोडवलेला होता.

पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर तीनशे-चारशे वर्षांपासून दगड-चुन्याचे बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात आणि गावचं बागायत शिवार फडांत वाटलेलं असतं, बहुतेक ठिकाणी चार फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. एका फडात ऊस, तर बाकीच्यांत त्या वर्षीचं पाणी बघून कमी पाण्याची पिकं, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. खरी गोम पुढे आहे: जवळपास प्रत्येक शेतकऱ्याची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असते. नदीला पाणी कमी असलं की गाव ठरवतं, यंदा दोनच फड भिजवायचे. तोटा झाला तर सगळ्यांचा थोडा थोडा, कोणा एकाचं शेत पूर्ण वाळत नाही.

पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही, अगदी पाटलाने सुद्धा. पिकाची राखण जागल्याकडे. त्यांचा मोबदला पिकातून. पूर आला तर जादा पाणी सांडमातून (पाटाच्या सांडव्यातून) परत नदीत. पाट साफ करायला घरटी एक माणूस.

मी लहानपणी पाटकरीबाबा पाहिले आहेत. खांद्यावर फावडं, बांधावर उभे राहून नुसतं वाफ्याकडे बघायचे. पाणी वाफ्याच्या तीन हिस्से पोचलं की तोंड बंद करायचे. उरलेला चौथा हिस्सा आतलं पाणी आपोआप सरकून भिजायचा. कोणी म्हटलं, 'बाबा, आजून थोडं येऊ द्या ना,' तर म्हणायचे, 'पानी सगळासनं शे' (पाणी सगळ्यांचं आहे), आणि पुढच्या वाफ्याकडे निघायचे.

ही पद्धत मोडली त्याला कारणं आहेत. नद्यांवर वरच्या बाजूला धरणं झाली, नदीचा वाहता झरा आटला, घरोघरी विहिरी आणि मोटारी आल्या. ज्याच्या शेतात विहीर त्याला फडाचं ऐकायची गरज उरली नाही. काही गावांत अजून पाट वाहतो, पण पूर्वीसारखं नाही. शासनाला पाणी वाचवायचं असेल तर आधी हे समजून घ्यावं: फडात माणसं ठरवायची किती भिजवायचं, आणि मग पाणी सुटायचं. आता मोटर आधी सुरू होते.

शेजपाळी (भडगाव)

मी गिरणेच्या कालव्यावर नोकरी केली, आता निवृत्त आहे. पांझराथडी यांनी लिहिलं तेच शासनाने २००५ मध्ये कायद्याच्या भाषेत आणायचा प्रयत्न केला. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदाही झाला. विचार चांगला होता: लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था करायची, शासनाने संस्थेला चारीच्या तोंडाशी मोजून पाणी द्यायचं, आत वाटप संस्थेने करायचं. पीक कोणतं घ्यायचं ते शेतकरी ठरवणार, पण मिळालेल्या कोट्यात. हेक्टरी आकारणी जाऊन घनमापनाने आकारणी.

आता कालव्यावर काय होतं ते सांगतो. मोजायचं म्हणजे चारीच्या तोंडाशी फ्ल्यूम (पाणी मोजायचा बांधीव अरुंद भाग) पाहिजे, त्यावर पट्टी पाहिजे आणि ती पट्टी रोज वाचणारा माणूस पाहिजे. फ्ल्यूम बांधले गेले, पण त्यात गाळ बसला की पट्टीवरचा आकडा खोटा पडतो. गेट गेलेलं, त्या जागी दगड आणि प्लास्टिकची पोती. कर्मचारी निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत. एका कालवा निरीक्षकाकडे तीन-तीन शाखांचं काम. नमुना नंबर ७ चे (पाणी मागणीचे) अर्ज घ्यायचे, शेजपाळी (कोणाला कधी पाणी, तो क्रम) लावायची, वसुली करायची आणि रात्री कोणी मोरी फोडली तर तिथेही पळायचं.

पाळी खालून वर लावायची हा नियम आहे. म्हणजे पाणी आधी शेपटाच्या शेतकऱ्याला, मग वर. ज्या ज्या आवर्तनात (कालव्याला पाणी सुटण्याच्या फेरीत) हा नियम पाळला, त्या त्या वेळी पाणी पुरलं. जिथे वरच्यांनी आधी घेतलं, तिथे शेपटाला फक्त ओली चारी दिसली. यात योजना नवी लागत नाही, पैसाही फार लागत नाही.

गिरणा धरण नांदगाव तालुक्यात आहे. वर चणकापूर आणि हरणबारी भरल्याशिवाय त्यात पाणी येत नाही, म्हणून भरवसा कमी. २०१९ ला धरण भरलं तेव्हा चाळीसगाव, पाचोरा, भडगाव, पुढे पार एरंडोल-धरणगावपर्यंत लोकांना हायसं वाटलं. पण भरलेल्या धरणाच्या वर्षीच पाणी जास्त वाया जातं, हा माझा नोकरीतला अनुभव. आवर्तन हक्काचं आहे असं वाटायला लागलं की राखण सुटते.

सातबारा (चोपडा)

मी गावपातळीवर शेती खात्याचं काम करतो, कार्यालयाचं नाव लिहीत नाही. ठिबकाच्या अर्जांबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांना माहिती अर्धवट असते.

अर्ज महाडीबीटीवर (शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर). पूर्वसंमती आल्याशिवाय संच बसवू नका, आधी बसवला की अनुदान अडकतं. एका शेतकऱ्याला ५ हेक्टरपर्यंत. त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान घ्यायला ७ वर्षं जावी लागतात. मोका तपासणीला (शेतात येऊन होणाऱ्या पाहणीला) फोटो, बिल आणि आराखडा लागतो.

टक्केवारी ८० म्हणतात ती शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या. दुकानाचं बिल त्याहून वर जातं, तो फरक शेतकऱ्याचा. आणि अनुदान खात्यावर यायला कधी कधी इतका वेळ लागतो की माणूस उधारीवर बसवलेल्या संचाचं व्याज भरत बसतो. हे मी खात्यात राहून लिहितोय, कारण ते खरं आहे.

केळीबाग दादा म्हणाले ते शंभर टक्के मान्य. आमची तपासणी संच बसला की नाही याची होते. पाच वर्षांनी त्या शेतात किती पाणी वापरलं जातंय हे कोणी विचारत नाही, कारण अर्जात तसा रकानाच नाही.

पपईमिरची (शहादा)

बाईमाणूस म्हणून एक गोष्ट आधी सांगते. पाण्याची चर्चा झाली की ती शेताच्या पाण्याची होते. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं ठरवलं आहे. आमच्या गावात नळ आले. पण गावची पाणीपुरवठ्याची विहीर आणि मोठ्या बागायतदाराचा बोअर एकाच झऱ्यावर. एप्रिलमध्ये नळाला एक दिवसाआड, मग चार दिवसाआड. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर घ्यायची नाही हा नियम १९९३ पासूनचा. कोणी मोजलंय ते ५०० मीटर?

शेताबद्दल बोलायचं तर आमच्याकडे पपई आणि मिरची ठिबक आणि मल्चिंगवर चांगली येते. मल्चिंग पेपरखाली ओल टिकते हे हात घालून कळतं. बाहेर माती धूळ झालेली असते आणि पेपर उचलला की खाली गार लागते. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेज आहेत, पाणी डोळ्यांसमोर अडलेलं दिसतं. पण काठापासून आतली शेतं भिजवायला उपसा योजना पाहिजेत. त्या सहकारी उपसा योजना वर्षानुवर्षं बंद पडलेल्या, थकलेल्या वीजबिलांत आणि मोडक्या पाईपांत. नदीत पाणी असून माणूस बोअर खणतो, आणि त्याच बोअरवर ठिबकाचं अनुदान घेतो. नदीचं पाणी आधी शेतापर्यंत आणलं असतं तर जमिनीखालचं वाचलं असतं. पाणी वाचवायचं म्हणजे कोणतं पाणी वापरायचं हेही ठरवणं आलं.

अनेरकाठ (शिरपूर)

शिरपूर पॅटर्नबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. २००४ पासून आमदार अमरिश पटेल आणि भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तालुक्यात नाले रुंद आणि खोल केले, दरवाजे नसलेले बंधारे बांधले, आणि गाळलेलं पाणी कोरड्या विहिरींत सोडलं. मी त्या भागातला आहे, फरक पाहिला आहे. ज्या विहिरीत उन्हाळ्यात दगड दिसायचे तिथे पाणी राहिलं.

पण ते का जमलं हे समजून घ्या. सातपुड्याच्या पायथ्याला आपल्याकडे तापीचा गाळाचा पट्टा आहे, काही ठिकाणी जमिनीखाली शेकडो फूट गाळ. त्यात चिकणमातीचे थर, त्यामुळे वरचं पाणी सहज खाली जात नाही. थर फोडून वाळू-गोट्यांपर्यंत पाणी पोचवलं की ते धरून ठेवायला जागा भरपूर. साक्री-धुळ्याकडे काळा कातळ. तिथे तसाच नाला खोदला तर पाणी साठतं, पण कातळात मुरायला वाव कमी. एकच नकाशा सगळीकडे चालत नाही.

जलयुक्त शिवारात हेच झालं. डिसेंबर २०१४ ला अभियान सुरू झालं, दर वर्षी ५,००० गावं टंचाईमुक्त करायचं ठरलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं करा असं कागदावर होतं. डोंगरावर चर, मग बांधबंदिस्ती, मग नाला. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत जेसीबी सरळ नाल्यात उतरला, कारण ते काम लवकर दिसतं आणि लवकर मोजता येतं. कॅगनेही (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) २०२० मध्ये या अभियानावर बोट ठेवलं. आता दुसरा टप्पा सुरू आहे. आणि मे २०२५ मध्ये महाराष्ट्र-मध्य प्रदेशचा तापी महापुनर्भरणाचा (तापीचं पाणी जमिनीत मुरवण्याचा) करार झाला. रावेर-यावलला त्याची मोठी आशा आहे, ती खोटी ठरू नये.

तापीकाठ (यावल)

अनेरकाठ, नेमकं इथेच मला भीती वाटते. पुनर्भरणाने खाली पाणी वाढलं की आम्ही काय करू? पुन्हा केळी वाढवू. मग पुन्हा बोअर. वरून भरायची व्यवस्था शासन करतंय, उपशावर बोलायला कोणी तयार नाही.

२००९ च्या भूजल कायद्यात शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे २०० फूट. आमच्याकडे २०० फुटांवर बोअरवाल्याची पहिली चहाची वेळ सुद्धा होत नाही, तो त्याच्या कितीतरी खाली जातो. आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, मीही घेतो. पण एका हाताने ठिबकाला ८० टक्के आणि दुसऱ्या हाताने मोटर कितीही चालवा, तर पाणी कुठे राहणार?

केळीबाग (रावेर)

मोफत वीज काढा असं म्हणायचंय का? तसं असेल तर माझा स्पष्ट विरोध. केळीला करपा आहे, वादळ आहे, भाव पडतो तेव्हा व्यापारी फोन उचलत नाही. वीजबिल माफ झालं तेवढाच काय तो आधार.

तापीकाठ (यावल)

काढा म्हणत नाही, दादा. रात्रीऐवजी दिवसा द्या आणि नेमके तास द्या, म्हणजे ऑटो लावायची गरजच पडणार नाही. रात्रीची लाईट असली की माणूस अंथरुणातून उठून मोटर बंद करायला जात नाही. सौर वाहिनीवरून दिवसा वीज मिळायला लागली तर अडीच तासांनी कॉक फिरवायला कोणीतरी शेतात असेल.

केळीबाग (रावेर)

हे चालेल. दिवसा वीज हवीच आहे.

पाणीपातळी (रावेर तालुका)

आमचं गाव अटल भूजलमध्ये (गावानेच भूजलाचं नियोजन करायच्या योजनेत) घेतलेलं. २५ डिसेंबर २०१९ ला केंद्राने ही योजना जाहीर केली, सात राज्यं, महाराष्ट्रातले १३ जिल्हे, त्यात जळगाव. तापीकाठ विचारतायत ना काय चाललं, तर मी सांगतो: ताळेबंद चालला.

गावात पर्जन्यमापक बसवला. निरीक्षण विहिरी ठरवल्या. भूजल सर्वेक्षण खातं वर्षातून चार वेळा पातळी घेतं, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आम्ही त्यांच्याबरोबर जाऊन शिकलो. टेपच्या टोकाला खडू घासायचा आणि विहिरीत सोडायचा, जिथपर्यंत खडू ओला झाला तिथपर्यंत पाणी. काठापासूनचा आकडा वहीत. मग किती पाऊस पडला, किती मुरला असावा, जनावरं-माणसांना किती, कोणत्या पिकाखाली किती एकर, असं सगळं मांडून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलं. जमा एवढी, खर्च एवढा. खर्चाचा आकडा मोठा आणि तूट लाल रंगात.

पहिल्यांदा लोक चिडले. म्हणाले, आमच्या केळीचा हिशेब भिंतीवर का? पण भिंत रोज दिसते. पुढच्या हंगामात काही जणांनी नवी केळी न लावता हरभरा घेतला. सगळ्यांनी नाही, मोठ्या बागायतदारांनी तर नाहीच. तरी 'यंदा तूट किती?' हा प्रश्न पारावर लोक स्वतःहून विचारायला लागले. माझ्या मते शासनाच्या सगळ्या योजनांत हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केलेलं आहे.

कमतरता अशी की ताळेबंदाला बंधन नाही. भिंतीवर तूट लिहिलेली असताना त्याच महिन्यात नवा बोअर झाला तर कोणी थांबवू शकत नाही.

पांझराथडी (साक्री)

म्हणजे पाटकरी आहे, पण त्याच्या हातात फावडं नाही.

सातबारा (चोपडा)

एक सुचतंय, खात्यात कोणी ऐकेल की नाही माहीत नाही. ठिबकाचं अनुदान व्यक्तीला मिळतं, ते तसंच राहू द्या. पण ज्या गावाने ताळेबंद केला आणि उपशावर ठराव केला, त्या गावाचे अर्ज आधी घ्या. निवड करताना गावाला प्राधान्य. मग शेजारी शेजाऱ्याला विचारेल, तू बोअर का खणतोस, त्याने माझं अनुदान मागे पडतं.

पपईमिरची (शहादा)

ठराव करताना महिलांची ग्रामसभा आधी घ्या. नियमात आहे ती. पिण्याच्या पाण्याचा कोटा सगळ्यात वर आणि त्यानंतर पिकं, असं लिहून घ्या. नाहीतर तूट आली की पहिली कात्री नळाला लागते. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार यांच्या गावाने जंगल राखायचे नियम स्वतः केले, दंड स्वतः ठरवला, म्हणून ते टिकले. २०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरून आलेला नियम माणूस चुकवतो, स्वतः केलेला मोडताना दहा जण बघत असतात.

तापीकाठ (यावल)

आमच्याकडे ग्रामसभा आहे. विषय द्यायला वेळ आहे अजून. शेजपाळी आबा, तुमची लेखणी सरकारी आहे, मसुदा करून द्याल का? मी सरपंचांशी बोललो आहे, ते विषय घ्यायला तयार आहेत, ठराव होईलच असं नाही म्हणाले.

शेजपाळी (भडगाव)

देतो. नावं तुम्ही भरा.

*विषय: गावाचा पाण्याचा ताळेबंद करणे व भूजल उपशाबाबत.*

*ठराव: गावातील निश्चित केलेल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी दरवर्षी ऑक्टोबर व मे महिन्यात मोजून ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर लिहिण्यात यावी. ऑक्टोबरच्या मोजणीनंतर पिण्याचे पाणी व जनावरांचे पाणी प्रथम राखून ठेवून उरलेल्या पाण्यात किती बागायत बसते ते ग्रामसभेने ठरवावे. ज्या वर्षी ताळेबंदात तूट येईल त्या वर्षी शिवारात नवीन बोअर घेऊ नये व नवीन केळी लागवड ठिबक असले तरी वाढवू नये. ठिबकाचे तास पिकाच्या वाढीनुसार ठरवण्यासाठी कृषी विभागाने गावात मार्गदर्शन करावे, तसेच शेतीला दिवसा वीज मिळावी अशी मागणी वीज कंपनीकडे करण्यात यावी.*

*सूचक: ........ अनुमोदक: ........*

शेवटच्या दोन मागण्या मुद्दाम घातल्या. शेतकऱ्याकडून काही मागायचं तर त्याला द्यायचंही काही ठरावात दिसलं पाहिजे, नाहीतर हात वर होत नाहीत.

केळीबाग (रावेर)

आबा, 'केळी लागवड वाढवू नये' याला आमच्या गावात विरोध होईल. 'तूट येईल त्या वर्षी' असं आहे म्हणून मी सही करेन. पण जुन्या बागेचं खोडवा-पिलबाग (कापलेल्या झाडाच्या पिलांवर घेतलेलं पीक) त्यात धरायचं नाही, हे स्पष्ट लिहा.

पाणीपातळी (रावेर तालुका)

आणि 'नवीन बोअर'मध्ये जुना बोअर खोल करणंही धरा. आमच्याकडे पळवाट तीच आहे. कागदावर एकही नवीन बोअर नाही आणि सगळे शंभर-शंभर फूट खाली गेले.

शेजपाळी (भडगाव)

दोन्ही बरोबर. ओळ अशी करा: *'नवीन बोअर घेऊ नये, जुन्या बोअरची खोली वाढवू नये, व चालू बागेचा खोडवा वगळता केळीचे क्षेत्र वाढवू नये.'* तापीकाठ, ग्रामसभेत काय झालं ते इथे लिहा. विरोध झाला तर कोणी काय मुद्दा काढला तेही लिहा, म्हणजे चोपड्याला आणि रावेरला मांडताना मसुदा त्याप्रमाणे दुरुस्त करता येईल.